किनारा नंतर, आधी तिथी

दिवाळीची किंवा मे महिन्याची सुट्टी जवळ आली की आमच्या जळोची-बारामतीकडे कोकणात जायचे बेत सुरू होतात. काशीद की दिवेआगर, श्रीवर्धन की गुहागर, यावर घराघरांत वाद रंगतात. फोटो बघितले जातात, मासळी कुठे चांगली मिळते याची चौकशी होते. शेवटी ज्याचा आवाज मोठा, त्याचा किनारा ठरतो. त्या दिवशी भरती किती वाजता आहे, हे मात्र कुणी विचारत नाही.

आपण घाटावरची माणसं. आपलं पोहणं विहिरीतलं, नाही तर नीरेच्या कालव्यातलं. विहिरीचं पाणी जागचं हलत नाही, कालव्याचं एकाच दिशेनं जातं. समुद्र मात्र दिवसातून दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो. ग्रीसच्या बेटांवर सुट्टीला जाणाऱ्यांना ही काळजी फारशी नसते, कारण तिथे भरती-ओहोटी जेमतेमच. तिथे उन्हाळ्यात उत्तरेकडून ‘मेल्तेमी’ नावाचा जोरदार वारा सुटतो. म्हणून जाणते लोक वारा बघून बेटाच्या दक्षिणेकडचा, आडोशाचा किनारा निवडतात. ते वारा बघतात, तशी आपण आधी भरती बघायला हवी.

माझी थोरली बहीण श्रीवर्धनला दिली आहे. आम्ही येतो म्हणून कळवलं की आमचे दुल्हेभाई आधी तिथी विचारतात. मुसलमानाच्या घरात तिथी कशाला, असं कुणाला वाटेल. पण समुद्राकाठच्या माणसाला, मग तो कोळी असो की दालदी, चंद्र मोजल्याशिवाय भागत नाही. कोकणातला हिशोब सोपा आहे. तिथीची पाऊणपट करायची, की भरतीची ढोबळ वेळ निघते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. त्यानंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी पुरी होते. अमावास्या-पौर्णिमेला आणि पुढच्या दोन-एक दिवसांत भरती उधाणाची असते, तर अष्टमीच्या सुमारास भांगाची.

आता गंमत बघा. रमजान ईद येते ती चंद्रकोर दिसल्यावर, म्हणजे साधारण द्वितीया-तृतीयेला. भाऊबीजही द्वितीयेलाच. दोन्ही सणांची कोर तीच आणि उधाणही तेच. द्वितीयेची पाऊणपट म्हणजे दीड. शिरखुर्मा असो की फराळ, जेवणं उरकून, मुलांना घेऊन आपण तीनच्या सुमाराला पाण्यात उतरतो. नेमकी तेव्हा उधाणाची ओहोटी लागलेली असते आणि पाणी जोरानं आत निघालेलं असतं.

अलिबागला कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाता येतं, भरतीत तोच किल्ला बेट होतो. मुंबईत हाजीअलीच्या दर्ग्याची वाटही भरतीच्या पाण्याखाली जाते. अरबीत बेटाला जझीरा म्हणतात, आपला ‘जंजिरा’ त्यातूनच आला. किनाऱ्यावरची बेसावध माणसंही अशीच बघता बघता जंजिऱ्यात अडकतात.

पण नुसत्या तिथीवरही विसंबू नये. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या समुद्रात पुण्याच्या एका महाविद्यालयाच्या सहलीतली डझनाहून अधिक मुलं-मुली बुडाली. कृष्ण अष्टमी-नवमीचा सुमार होता, उधाण नव्हतं. तरीही समुद्रानं ती तरणीताठी मुलं नेली. त्यांच्या आईवडिलांनी सकाळी डबे भरून दिले असतील, त्या घरांचं दुःख आपण काय सांगावं! वाळूखालचे खड्डे आणि आत ओढणारे प्रवाह पंचांगात लिहिलेले नसतात. ते तिथल्या कोळ्यालाच ठाऊक असतात.

मग किनारा कसा निवडावा? आधी तिथी बघावी आणि तास ठरवावा. हरिहरेश्वरची खडकांवरची प्रदक्षिणा करायची असेल तर ओहोटीचीच वेळ गाठावी. वाळूत लांबवर फिरायचं असेल तर दिवेआगर, गुहागर आहेतच. खाडी जिथे समुद्राला मिळते तिथे पोहू नये. पावसाळ्यात तर पाण्यात उतरूच नये. एखादा प्रवाह आत खेचायला लागलाच, तर त्याच्याशी झुंजत सरळ किनाऱ्याकडे पोहू नये, दम तुटतो. किनाऱ्याला समांतर पोहत त्या ओढीतून बाजूला निघावं आणि मग वळावं.

आणि कुणी गावकरी ‘आज पाण्यात जाऊ नका’ म्हणाला, तर आपण पैसे भरून आलोय, हे त्याला ऐकवू नये. मुलांना वाळूत किल्ला बांधू द्यावा, भेळ खावी, सूर्यास्त बघून परत यावं. तेवढ्यानं सहल वाया जात नाही.