ज्यांनी नाकारलं, त्यांच्यासाठीही



स्नेहसंमेलनात पाहुण्याने यशाबद्दल बोलावं, असा रिवाज आहे. मी नकाराबद्दल बोलणार आहे. थोड्या वेळाने इथे बक्षिसं वाटली जातील आणि या मंडपातल्या बहुतेकांची नावं पुकारली जाणार नाहीत. पुढे कुणी पोलीस भरतीच्या मैदानावर थोडक्यात मागे पडेल. एखाद्या मुलीला बघायला आलेले पाहुणे पोहे खाऊन जातील आणि रंगावरून नकार कळवतील. अशा वेळी ‘जाऊ दे, विसर’ म्हणणारे खूप भेटतात. त्याने आतली जखम भरत नाही.

तुमच्या मातीला ही जखम जुनी आहे. आमगावजवळचं पदमपूर हे महाकवी भवभूतीचं गाव मानलं जातं. त्याच्या काळातल्या अनेकांनी त्याची किंमत केली नाही. ‘मालतीमाधव’ नाटकाच्या आरंभीच त्याने त्यांना ताठ मानेने उत्तर दिलं. आपल्याला समजून घेणारा माणूस पुढच्या काळात जन्मेल, या भरवशावर तो लिहीत राहिला. मला तो ताठपणा फार आवडतो. पण ज्यांनी नाकारलं, त्यांचं काय करायचं? त्याचं उत्तर मला दुसऱ्या एका कवीकडे सापडलं, आणि तोही याच वाटेने गेला होता.

१८९३ च्या सुमारास नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला निघाले होते. ती रेल्वे गोंदिया, आमगाव, सालेकसा अशीच जाते. डब्यात एक युरोपीय सहप्रवासी भेटला. कवितेच्या, धर्माच्या गप्पा झाल्या. उतरण्याआधी त्याने टिळकांच्या हाती ‘नवा करार’ दिला आणि तो वाचण्याचं वचन घेतलं. टिळकांनी वचन पाळलं. डोंगरावरच्या प्रवचनापाशी आल्यावर त्यांना पुस्तक खाली ठेववेना. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

मग घराची दारं बंद झाली. नातेवाइकांनी तोडलं. पत्नी लक्ष्मीबाई लहानग्या मुलाला, दत्तूला, घेऊन माहेरच्या माणसांच्या आधाराने राहू लागल्या. नवरा हयात असून संसार मोडला होता. इथे मला एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. टिळकांच्या श्रद्धेची किंमत लक्ष्मीबाईंनी मोजली, न विचारता मोजावी लागली. त्यांच्या दुःखावर पडदा टाकून टिळकांचा गौरव करणं मला पटत नाही.

पण पुढची जवळजवळ पाच वर्षं टिळक जसे वागले, त्यात मला ख्रिस्त दिसतो. ते पत्नीला पत्रं लिहीत राहिले, कविता पाठवत राहिले. पुढे नगरला दोघं एकत्र आले, तेव्हाही लक्ष्मीबाई आपलं सोवळं पाळत, स्वयंपाक वेगळा करत. टिळकांनी धर्मासाठी बळजबरी केली नाही. जातीभेद देवाने केला की माणसाने, हा प्रश्न लक्ष्मीबाईंनी स्वतःच स्वतःला विचारला, त्याचं उत्तर स्वतः शोधलं आणि १९०० साली आपल्या निर्णयाने बाप्तिस्मा घेतला.

हे बळ टिळकांकडे कुठून आलं? मी स्वतः ख्रिस्ती आहे. तुम्ही माझा धर्म मानावा म्हणून बोलत नाही. मला जे तारून नेतं, ते तुमच्यापासून लपवणं मात्र खोटेपणाचं होईल. आमच्या शुभवर्तमानात लिहिलं आहे की नाझरेथमध्ये, ज्या गावात येशू लहानाचा मोठा झाला, तिथल्याच लोकांनी त्याला गावाबाहेर काढून कड्यापर्यंत नेलं होतं. शेवटच्या रात्री पेत्राने, अगदी जवळच्या शिष्याने, तीनदा ओळख नाकारली. येशूने त्याच पेत्राला पुन्हा जवळ घेतलं आणि आपली मेंढरं त्याच्याकडे सोपवली. देवाने आपल्याला आधीच आपलं म्हटलं आहे, हे ज्याच्या मनात पक्कं बसतं, त्याला नकार झोंबतो, रडवतोही. पण त्या नकाराचा सूड घेण्याची गरज त्याला उरत नाही. नाकारणाऱ्यावर माया करत राहण्याइतकी जागा त्याच्या मनात शिल्लक असते.

मुलांनो, हे मी विशेषतः तुम्हाला सांगतो. एखादी मुलगी ‘नाही’ म्हणाली, तर तिच्या ‘नाही’चा मान ठेवणं हीसुद्धा माया आहे. टिळकांनी वाट पाहिली, पाठलाग केला नाही.

टिळक १९१९ मध्ये गेले. येशूचं चरित्र ओवीबद्ध करणारं त्यांचं ‘ख्रिस्तायन’ साडेदहा अध्यायांवर थांबलं होतं. ज्या बाईला लहानपणी शाळा मिळाली नव्हती, जिच्या संसाराची त्या विश्वासापायी एकदा राखरांगोळी झाली होती, तिने पुढचे चौसष्ट अध्याय लिहिले. तिची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झाली. मराठीत इतकं निर्मळ, कुणावरही दात न ठेवता लिहिलेलं आत्मचरित्र मी दुसरं वाचलेलं नाही.

प्राचार्य महोदय, माझी एक विनंती आहे. ‘स्मृतिचित्रे’च्या काही प्रती मी सोबत आणल्या आहेत. त्या ग्रंथालयात जमा करून घ्याव्यात, आणि आज ज्यांचं नाव पुकारलं जाणार नाही, त्यांना त्या सगळ्यांत आधी वाचायला द्याव्यात.