ढग कसा होतो, वळीव कधी येतो



चैत्र-वैशाख म्हणजे आपल्या गटांचा वाळवणाचा हंगाम. माण, आटपाडी, जतकडे अंगणात कुरडया, सांडगे, पापड पसरलेले असतात. तासगाव, कवठेमहांकाळकडे आपल्यातल्या कितीतरी जणी बेदाण्याच्या शेडवर कामाला जातात. आणि नेमकं याच दिवसांत हवामानाचं काही खरं नसतं. सोमवारी ऊन भाजून काढतं, बुधवारी आभाळ येतं, शुक्रवारी वळीव झोडपतो, रविवारी पुन्हा लख्ख. एका सरीत कुरडयांचा लगदा होतो, बेदाणा काळा पडतो, कडबा भिजतो. माल भिजला म्हणून कर्जाचा हप्ता काही थांबत नाही. म्हणून आज बोलूया, ढग होतो कसा, आणि वळीव येण्याआधी आपल्याला काय सांगून जातो.

भात शिजताना झाकण उचललं की आतून थेंब गळतात. गरम वाफ गार झाकणाला लागते आणि तिचं पाणी होतं. आभाळात तर झाकण नाही. मग तिथे वाफ गार कशी होते? हवा वर चढली की तिच्यावरचा दाब कमी होतो, ती फुगते आणि फुगताना गार होते. कोरडी हवा 100 मीटर वर गेली की साधारण 1 अंशाने गार होते. गार हवेत वाफ तेवढी मावत नाही. मग ती धुळीच्या, धुराच्या, मिठाच्या बारीक कणांना धरून बसते आणि तिचे थेंब होतात. असे असंख्य थेंब म्हणजे ढग. हे थेंब इतके बारीक असतात, की पावसाचा एक थेंब व्हायला त्यातले सुमारे दहा लाख एकत्र यावे लागतात. म्हणून आलेला प्रत्येक ढग बरसत नाही.

आता हवा वर चढते कशाने? आपल्याकडे दोन कारणं मोठी. पहिलं सह्याद्री. पावसाळ्यात समुद्रावरचं दमट वारं घाटावर चढतं, गार होतं आणि महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तेच वारं डोंगर उतरून पूर्वेला आलं की तापतं, कोरडं होतं. म्हणून तिथून सुमारे सव्वाशे किलोमीटरवरच्या म्हसवडच्या भागात वर्षाला 500 मिलिमीटरच्या आसपासच पाऊस. ढग डोक्यावरून पळत जातात आणि आपण बघत राहतो, ते यामुळे.

दुसरं कारण म्हणजे आपलीच तापलेली जमीन. उन्हाळ्यात माळरान तव्यासारखं तापतं, त्यावरची हवा हलकी होऊन वर उठते. कधी अरबी समुद्राकडून, कधी बंगालच्या उपसागराकडून दमट वारं आलं, की त्या उठणाऱ्या हवेला वाफ मिळते आणि वळवाचा ढग तयार होतो. कोरडं वारं असलं तर नुसतंच ऊन. आठवड्यात हवा इतकी बदलते ती यामुळे.

हा ढग बहुतेक वेळा आपल्या डोळ्यांसमोर वाढतो, हे लक्षात ठेवा. सकाळी अंगाला चिकचिक, उकाडा. दुपारी कापसाच्या पुंजक्यासारखे ढग. ते तसेच पसरट राहिले तर भीती नाही. पण एखादा फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा वर वर चढायला लागला, तर वाळवण गोळा करायला घ्या, कडब्याच्या गंजीवर ताडपत्री टाका. त्याचा तळ काळा झाला आणि माथा ऐरणीसारखा सपाट पसरला, म्हणजे तो दहा-बारा किलोमीटर उंच गेला. मग एकदम गार वारं सुटतं. पावसाबरोबर वरची गार हवा खाली कोसळते, तिचं ते वारं. तेव्हा मात्र वाळवणाच्या मागे धावू नका.

कारण या ढगात वीज असते, आणि माल पुन्हा करता येतो, माणूस नाही. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत आकडे मोजा. 3 सेकंदांना साधारण 1 किलोमीटर. 30 च्या आत आवाज आला तर लगेच पक्क्या घरात जा. झाडाखाली थांबू नका, शेरडं घेऊन तारेच्या कुंपणाजवळ उभ्या राहू नका. रानात अडकलात तर पाय जुळवून उकिडव्या बसा, आडव्या पडू नका. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. कुणावर वीज पडली तर त्या माणसाच्या अंगात करंट राहत नाही. हात लावा, श्वास बघा, 108 ला फोन करा.

फोनवर ‘दामिनी’ ॲप घ्या, ते आसपासच्या विजेची सूचना देतं. ‘मेघदूत’ ॲपवर दर मंगळवारी आणि शुक्रवारी शेतीसाठी हवामानाचा सल्ला येतो. गटातल्या एकीने तो वाचून सगळ्यांना सांगायचा, आणि पुढच्या चार दिवसांचा अंदाज बघूनच कुरडयांचा गहू भिजत घालायचा. चीक निघाल्यावर आभाळ आलं तर करायला काही उरत नाही.

येत्या बैठकीत हजेरीच्या वहीत एक पान आभाळासाठी ठेवा. सकाळी, दुपारी, संध्याकाळी ढग कसा होता, वारं कुठून होतं, पाऊस आला का, एवढंच लिहा. महिनाभरात तुमच्या गावचं आभाळ तुम्हाला वाचता यायला लागेल.