फाशी द्या म्हणण्याआधी

मी परळ-लालबागच्या चाळींमध्ये बचत गटांचं काम करते. आज कर्ज, हप्ता, व्याज यातलं काही बोलणार नाही. आज बोलायचंय फाशीबद्दल. दचकू नका. कुठे मुलीवर अत्याचार झाल्याची बातमी आली की गटाच्या बैठकीत वही उघडायच्या आधी हाच विषय निघतो. तुमच्याकडेही निघत असणार. कोणीतरी म्हणतं, "भर चौकात लटकवा," बाकीच्या माना डोलावतात आणि मग आपण हप्ते गोळा करायला लागतो. तिथेच ते बोलणं संपतं. ते जरा पुढे न्यावं असं मला वाटतं.

आमच्या इथून चालत जाण्याच्या अंतरावर, महालक्ष्मी स्टेशनजवळ शक्ती मिल आहे. या भागाला गिरणगाव म्हणतात. तुमच्या कित्येकींचे आजे-सासरे इथे गिरण्यांमध्ये राबले असतील. 1982 च्या संपानंतर एकेक गिरणी बंद पडत गेली. काहींच्या जागी टॉवर आणि मॉल आले, काही तशाच ओसाड राहिल्या. शक्ती मिल ही अशीच ओसाड राहिलेली. पडक्या भिंती, वाढलेली झाडं, आत दिवा नाही.

22 ऑगस्ट 2013 ला एक तरुण फोटो पत्रकार आपल्या सहकाऱ्याबरोबर तिथे फोटो काढायला गेली. संध्याकाळची वेळ. तिथल्या मुलांनी सहकाऱ्याला बांधून ठेवलं आणि तिच्यावर सामूहिक बलात्कार केला. पाच जण होते, त्यातला एक अल्पवयीन. तिने लगेच तक्रार केली. काही दिवसांत पाचही जण पकडले गेले. ही बातमी पसरल्यावर आणखी एक मुलगी पुढे आली. ती टेलिफोन ऑपरेटर होती, अठरा वर्षांची. तिने सांगितलं की 31 जुलैला, त्याच गिरणीत, माझ्यावरही असाच प्रसंग आला होता. आरोपींमधले तिघे दोन्ही प्रकरणांत होते.

तारखा पुन्हा ऐका. 31 जुलै आणि 22 ऑगस्ट. मध्ये बावीस दिवस.

ती पहिली मुलगी महिनाभर का बोलली नाही, ते तिचं तिला माहीत. तिला दोष देण्याचा कुणालाही अधिकार नाही. पण आपल्याकडच्या मुली का बोलत नाहीत, हे तुम्हाला आणि मला चांगलं माहीत आहे. घरी कळलं तर काय म्हणतील, चौकीत काय विचारतील, लग्न कसं होईल. आणि आरोपींनाही हे माहीत होतं. पत्रकार मुलीचे मोबाइलवर फोटो काढून, तोंड उघडलंस तर हे पसरवू, अशी धमकी त्यांनी दिली होती.

तो काळ आठवा. दिल्लीच्या निर्भयाची घटना डिसेंबर 2012 ची. तेव्हापासून देशभर मोर्चे, मेणबत्त्या आणि "फाशी द्या"च्या घोषणा. टीव्हीवर रात्रंदिवस तेच. 2013 च्या सुरुवातीला कायदाही कडक झाला, आणि हा गुन्हा दुसऱ्यांदा करणाऱ्याला फाशीपर्यंत शिक्षा ठेवली गेली. एवढं सगळं चालू असताना मुंबईच्या मधोमध या पोरांनी हे केलं. त्यांना फासाची भीती वाटली नाही, कारण त्यांचा भरवसा दुसऱ्याच गोष्टीवर होता. ही लाजेने गप्प बसेल, यावर. एका मुलीच्या बाबतीत तो महिनाभर खरा ठरला. दुसरीने तो मोडला.

आता खटल्याकडे येऊ, कारण इथे आपल्यापैकी बऱ्याच जणींचा घोटाळा होतो. मार्च 2014 मध्ये दोन्ही प्रकरणांत आरोपी दोषी ठरले. 4 एप्रिल 2014 ला सेशन कोर्टाने त्या तिघांना फाशी सुनावली. टाळ्या पडल्या, पेढे वाटले गेले. आपल्याला वाटतं, झालं, संपलं. पण सेशन कोर्टाने दिलेली फाशी हायकोर्टाने कायम केल्याशिवाय अमलात येतच नाही. आरोपीने अपील केलं नाही तरी ती फाइल हायकोर्टात जावीच लागते. त्यानंतर सुप्रीम कोर्ट, त्यानंतर राज्यपालांकडे, राष्ट्रपतींकडे दयेचा अर्ज. पाच वर्षं, दहा वर्षं, कधी वीस वर्षं. कोल्हापूरच्या बालहत्याकांडातल्या दोन बहिणींना 2001 मध्ये फाशी झाली होती. 2022 मध्ये हायकोर्टाने तिची जन्मठेप केली, कारण दयेच्या अर्जावर निर्णय घ्यायला सरकारने फार वर्षं लावली. ज्यांची लेकरं गेली त्या घरांनी एवढी वर्षं काय करायचं? फाशीची वाट बघत बसायचं? मला तर हीसुद्धा एक शिक्षाच वाटते, आणि ती भलत्यालाच झालेली.

शक्ती मिलच्या प्रकरणात 25 नोव्हेंबर 2021 ला मुंबई हायकोर्टाने फाशी रद्द केली आणि जन्मठेप दिली. त्या दिवशी आमच्या गटाच्या व्हॉट्सॲपवर मेसेज आले, "सोडलं बघा नराधमांना." मैत्रिणींनो, सोडलं नाही. हायकोर्टाने सांगितलं की हे तिघे मरेपर्यंत तुरुंगात राहतील. त्यांना पॅरोल नाही, फर्लो नाही. म्हणजे घरात मयत झाली तरी चार दिवसांची सुट्टी नाही. जन्मठेप म्हणजे चौदा वर्षांनी सुटका, असं आपण सिनेमात बघितलेलं असतं. सगळ्याच जन्मठेपा तशा नसतात. गुन्हा समाजाला हादरवणारा आहे हे हायकोर्टानेही मान्य केलं, पण जनतेच्या संतापावर फाशी ठरवता येत नाही, आणि आपण काय केलं याचा पश्चात्ताप करत जगणं हीच यांची शिक्षा, असं न्यायाधीशांचं म्हणणं होतं. त्या खंडपीठावर एक न्यायाधीश बाई होत्या. आणि 2014 ला फाशी सुनावणाऱ्या सेशन न्यायाधीशही बाईच होत्या. तेव्हा "बाईचं दुःख बाईलाच कळतं" एवढ्यावर हा प्रश्न सुटत नाही.

"तुझ्या मुलीवर वेळ आली असती तर?" हे मला गटात विचारलं गेलं आहे. विचारणारीचा आवाज चढलेला होता. मी तिला म्हटलं, माझ्या मुलीवर वेळ आली असती तर मी स्वतःच कोयता घेऊन निघाले असते. पण म्हणूनच निकाल माझ्या हातात देऊ नका. आईने काय मागावं आणि कोर्टाने काय द्यावं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ती गप्प बसली. तिला पटलं असं मात्र मी म्हणणार नाही.

आता नाशिकची गोष्ट सांगते. ही शहरातल्या लोकांना फारशी माहीत नाही, आणि तुम्हाला माहीत असायला हवी, कारण ती गावाकडच्या गरीब माणसांची आहे. 2003 साली नाशिकजवळच्या एका शेतवस्तीवर दरोडा पडला. पाच जणांचा खून झाला, बायकांवर अत्याचार झाले. प्रकार इतका भयंकर की कुणीही फाशीच म्हणेल. पोलिसांनी सहा जणांना पकडलं. भटक्या जमातींतले, मजुरी करून पोट भरणारे. सेशन कोर्टाने सहाही जणांना फाशी दिली. हायकोर्टाने तिघांची फाशी ठेवली, तिघांना जन्मठेप दिली. 2009 मध्ये सुप्रीम कोर्टाने पुन्हा सहाही जणांना फाशी दिली. तीन कोर्टांनी दोषी ठरवलं. मग कुणाला शंका राहील?

पण प्रकरण परत उघडलं गेलं. मार्च 2019 मध्ये त्याच सुप्रीम कोर्टाने सहाही जणांना निर्दोष सोडलं. हल्ल्यातून वाचलेल्या बाईने सुरुवातीलाच पोलिसांकडच्या फोटोंमधून चार वेगळी माणसं ओळखली होती. त्यांच्यावर खटला चाललाच नाही. यांना खोटं गोवलं, असं कोर्टाने स्पष्ट म्हटलं आणि सरकारने प्रत्येकाला 5 लाख रुपये द्यावेत असा आदेश दिला. तोवर सोळा वर्षं गेली होती. त्यातला एक तर घटनेच्या वेळी अल्पवयीन होता. सोळा वर्षांत मुलं वाढतात, आईबाप मरतात, बायका कुठल्या कुठे जातात. तरी ही माणसं जिवंत होती म्हणून घरी आली. मधल्या काळात फास लागला असता तर 5 लाख कुणाला दिले असते?

आणि त्या बाईचा विचार करा. तिने खरं सांगितलं होतं. तिचं कुणी ऐकलं नाही. फाशी मात्र झाली, म्हणजे कागदावर तिला न्याय मिळाला.

माझं मत असं आहे. तुम्हाला पटायलाच हवं असं नाही. फाशी सरकार देतं, पण ती आपल्या सगळ्यांच्या नावाने देतं. "जनतेची मागणी आहे" असं म्हणतात, ती जनता म्हणजे आपणच. मग मागणी करण्याआधी माहिती करून घेणं हे आपल्यावरच येतं. बँकेच्या कागदावर अंगठा देताना मी तुम्हाला सांगते ना, वाचून घ्या, विचारून घ्या? इथे तर माणसाच्या जिवाचा कागद आहे.

आणखी एक. दरवर्षी सरकारी आकडे सांगतात की बलात्काराच्या शंभरातल्या नव्वदहून जास्त प्रकरणांत आरोपी ओळखीचाच असतो. शेजारी, नातेवाईक, गावातला कुणीतरी. 2018 पासून बारा वर्षांखालच्या मुलीवर बलात्कार करणाऱ्याला फाशीपर्यंत शिक्षा होऊ शकते. ऐकायला बरं वाटतं. पण तो माणूस घरातला असेल तर त्या पोरीला काय सांगितलं जाईल? "तू बोललीस तर काकाला फाशी होईल, काकू रांडव होईल, तुझ्यामुळे." दहा वर्षांची पोर हे ओझं घेऊन तोंड उघडेल का? 2013 च्या वर्मा समितीनेही बलात्कारासाठी फाशी सुचवली नव्हती, आणि बऱ्याच स्त्री संघटनांचं मतही तेच होतं.

आणि एका गोष्टीचा मला फार राग येतो, तोही सांगून टाकते. "फाशी द्या" असा मेसेज पाठवणारी माणसंच त्याच्या खाली त्या मुलीचा फोटो आणि नाव पाठवतात. बलात्कार झालेल्या मुलीची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे, त्याला दोन वर्षांपर्यंत कैद आहे. शक्ती मिलमधल्या पोरांनी ज्याची धमकी दिली, तेच काम आपण घरबसल्या फुकटात करतो. असा मेसेज आला तर पुढे पाठवू नका, आणि पाठवणाऱ्याला खडसावा, मग तो सरपंच का असेना.

शेवटी कामाचं बोलते, वहीत लिहून घ्या. तक्रार कुठल्याही पोलीस ठाण्यात देता येते, "आमच्या हद्दीत नाही" म्हणून परत पाठवता येत नाही. अशी तक्रार नोंदवून न घेणारा पोलीस स्वतः गुन्हेगार ठरतो. जबाब महिला अधिकारीच घेईल. सरकारी असो की खासगी, दवाखान्याला लगेच आणि मोफत उपचार करावेच लागतात. अंगावरचे कपडे धुऊ नका, कागदी पिशवीत ठेवा. वकिलाला पैसे नसतील तर जिल्ह्याच्या विधी सेवा प्राधिकरणात बाईला वकील मोफत मिळतो, तालुक्याच्या कोर्टातही त्यांची समिती असते. सरकारची मनोधैर्य योजना आहे, तिच्यातून आर्थिक मदत मिळते. तातडीला 112, महिलांसाठी 181, मुलांसाठी 1098. हे तीन नंबर गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर असू द्या, अध्यक्षांच्या नावाच्याही वर.

आणि पुढच्या बैठकीत हप्ते घेण्याआधी एकमेकींना एवढं विचारा की आपल्या गावातल्या एखाद्या पोरीवर असा प्रसंग आला, तर ती आपल्यापैकी कुणाच्या दारात येईल? नाव घेऊन सांगा. काय उत्तर आलं ते केंद्रावर कळवा, पुढच्या वेळी त्यावर बोलू. नमस्कार.