जकातीत कामगाराचा वाटा कोठे आहे?

(पुण्यात कसबा पेठेत कारागीर व कामगार यांच्या बैठकीत झालेले भाषण)



आज आपण ज्या पेठेत जमलो आहोत, तेथेच आपल्या विषयाचा पुरावा आहे. या पेठेतल्या एका वस्तीचे नाव कागदीपुरा. तेथे हाताने कागद करणारी घरे होती. विलायतेहून यंत्राचा स्वस्त कागद आला आणि त्या घरांचा धंदा बसला. पुढे १९४० साली पुण्यात हातकागद संस्था निघाली, ती चांगलीच गोष्ट झाली. पण मधल्या काळात ज्यांची चूल विझली त्यांस कोणी विचारले? वस्तीचे नाव राहिले, कसब गेले.

जोतीराव फुले यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ पुरा केला, त्यात ही गोष्ट स्पष्ट मांडली आहे. परदेशी यंत्रांचा माल येऊन येथल्या कारागिराचे पोट मारले जाते आणि काम गेलेला कारागीर शेतीवर येऊन पडतो, म्हणजे एकाच भाकरीला दोन तोंडे होतात, हे त्यांनी ओळखले होते. म्हणून शेतकरी बांधवांनो, हा विषय एकट्या गिरणीवाल्यांचा आहे असे समजू नका. कारखान्यातून निघालेला भाऊ अखेर तुमच्याच बांधावर येतो.

आता कोणी म्हणेल, परदेशी माल आला तर सरकार जकात बसवते की! होय, बसवते. पण त्या जकातीचा फायदा कोणाच्या घरात जातो, ते दोन उदाहरणांवरून पाहू.

पहिले उदाहरण १९२५ सालचे. इंग्रज सरकारने १८९६ पासून येथल्या गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के कर बसवला होता, आणि तो मँचेस्टरच्या व्यापाऱ्यांची मर्जी राखण्यासाठी होता. त्यात जपानी माल स्वस्त येऊ लागला. मुंबईच्या गिरणीमालकांनी तोटा दाखवून मजुरीत साडेअकरा टक्के कपात जाहीर केली. तेव्हा सुमारे दीड लाख कामगार सप्टेंबरपासून डिसेंबरपर्यंत संपावर राहिले. कर उठला तर मजुरी पूर्ववत करू, असे मालक बोलून चुकले होते. डिसेंबरात सरकारने कर तहकूब केला आणि मालकांना कपात मागे घ्यावी लागली.

दुसरे उदाहरण १९३३ सालचे. त्या जून महिन्यात सरकारने ब्रिटिशांखेरीज इतर परदेशी कापडावरील जकात पाऊणशे टक्क्यांवर नेली. रोख अर्थातच जपानवर होता. गिरणीधंद्यास एवढे मोठे संरक्षण मिळाले, मग कामगारांची मजुरी वाढली असेल? उलट त्याच सुमारास ती कापली गेली आणि १९३४ च्या एप्रिलात मुंबईच्या कामगारांना पुन्हा सार्वत्रिक संप करावा लागला. जकात लोकांकडून कापडाच्या किमतीत वसूल झाली, म्हणजे तुम्ही धोतर-लुगडे महाग घेतले, आणि ते विणणाराच्या हाती कमी पैसे पडले. आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते, ती ही तऱ्हा!

दोन्ही वेळा सरकारने धंद्याला हात दिला. १९२५ साली कामगाराचा वाटा आधी बोलला गेला होता आणि कामगार तो घेण्यासाठी एकजुटीने उभा होता. १९३३ साली जकातीबरोबर त्याच्या वाट्याचा करार झाला नव्हता. मला आज एवढेच सांगावयाचे आहे की, ज्या मदतीत कामगाराचा वाटा आधी लिहिलेला नसतो, तो वाटा त्याला मागाहून मिळत नाही.

आता स्वराज्यातले पाहू. बाहेरचा माल मुद्दाम पडत्या भावाने येथे ओतला गेला, तर १९७५ च्या सीमाशुल्क दर कायद्याखाली त्यावर जादा कर बसवता येतो. कारखानदार अर्ज करतो, चौकशी होते, कर बसतो. पण ज्याचे काम चौकशी चालू असतानाच गेले, त्याच्यासाठी त्या करातून एक पैसाही त्या कायद्याने बांधून दिलेला नाही.

मग कामगाराला मिळते काय? १९४७ च्या औद्योगिक कलह कायद्याने, कामावरून कमी केलेल्यास नोकरीच्या दर पुऱ्या वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार ठरवला. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेत नवे काम शिकण्यासाठी आणखी पंधरा दिवसांचा पगार मालकाने भरावा असे आहे. बंद पडलेल्या कापड गिरण्यांच्या कामगारांसाठी १९८६ साली केंद्र सरकारने पुनर्वसन निधी काढला. त्यात पहिल्या वर्षी मजुरीच्या ७५ टक्के, दुसऱ्या वर्षी ५० आणि तिसऱ्या वर्षी २५ टक्के रक्कम होती. २००५ साली राज्य विमा महामंडळाची राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना आली. तीत कारखाना बंद पडून काम गेलेल्या विमेदारास बेकारी भत्ता मिळतो.

या योजना वाईट नाहीत. पण सगळ्यांचे दार एकच, हजेरीपट! ज्याचे नाव पटावर, त्याचा विमा भरलेला, त्याला दार उघडे. दहा माणसांच्या खालच्या कारखान्याला हा विमा साधारणपणे सक्तीचा नाही. भोसरी-चिंचवडच्या लहान शेडमध्ये राबणारा, ठेकेदाराच्या तोंडी हिशेबावर राहणारा, घरी बसून नगावर काम करणारी बाई, तांबट आळीत स्वतःच्या ऐरणीवर बसलेला कारागीर, यांनी कोणत्या दाराशी जावे?

अमेरिकेसारख्या धनाढ्य देशातही हाच अनुभव आला. तेथे १९६२ साली कायदा झाला की, परदेशी मालामुळे काम गेलेल्यास सरकारने भत्ता व नवे शिक्षण द्यावे. पण काम परदेशी मालामुळेच गेले हे सिद्ध करण्याची अट इतकी कडक ठेवली की १९६९ पर्यंत कामगारांचा एकही अर्ज मंजूर झाला नाही! १९७४ साली अट सैल केली, तेव्हा पुष्कळांस लाभ झाला. पण १ जुलै २०२२ पासून मुदतवाढीअभावी नवे अर्ज घेणे थांबले. ज्याच्या घरात आज पीठ नाही त्याने सातासमुद्रांपलीकडच्या मालाचा हिशेब कोठून आणावा?

म्हणून आपले मागणे तीन गोष्टींचे आहे. ज्या मालावर संरक्षणाचा कर बसेल, त्या कराचा ठराविक हिस्सा त्या धंद्यातून काम गेलेल्यांसाठी कायद्यानेच वेगळा ठेवावा. चौकशीत कारखानदाराबरोबर कामगारांचे व कारागिरांचेही म्हणणे ऐकावे. आणि पटावर नाव नसेल तर गावची-पेठेची साक्ष, मालाची पावती, बँकेची नोंद यांवरही माणूस कामगार मानावा.

सरकार हे करील तेव्हा करील. तूर्त आपले काम आपण करावे. पगाराची चिठ्ठी फेकू नका. विम्याचा व भविष्यनिर्वाह निधीचा क्रमांक घरातल्या बाईमाणसांसही ठाऊक असू द्या. ठेकेदाराकडून काही ना काही लेखी घ्या. असंघटितांची ई-श्रम नोंदणी २०२१ पासून सुरू आहे, तीत नाव घाला. निदान आपण आहोत एवढे तरी सरकारदरबारी लागेल. मुलामुलींना अर्ज वाचता आणि लिहिता येईल एवढे शिकवाच, कारण विद्येविना काय काय जाते हे जोतीरावांनी आपल्याला शिकवून ठेवले आहे.

आणि एकेकटे जाऊ नका. कामगारांना दर रविवारची सुट्टी १८९० साली मिळाली, ती नारायण मेघाजी लोखंडे यांनी हजारो कामगारांच्या सभा भरवून मिळवली. मालकांच्या दयेवर ते विसंबून राहिले नाहीत. येथे बसलेल्यांपैकी ज्यांचे काम गेले आहे किंवा जाण्याच्या बेतात आहे, त्यांनी घरी जाण्यापूर्वी आपले नाव, धंदा आणि काम सुटल्याची तारीख या वहीत लिहून द्यावी. ज्यांस लिहिता येत नाही त्यांचे आम्ही लिहून घेऊ. कारखान्याचा पट मालकाच्या हाती आहे, ही वही आपल्या हाती आहे.

सत्यमेव जयते.