खिंड लढवणारे आणि अन्न पिकवणारे



२००७ साली ‘३००’ या नावाचा अमेरिकन चित्रपट जगभर प्रदर्शित झाला. इ. स. पूर्व ४८० मध्ये इराणचा सम्राट झर्क्सिस ग्रीसवर चालून गेला, तेव्हा थर्मोपिलीच्या खिंडीत स्पार्टाचा राजा लिओनिडास आणि त्याचे तीनशे सैनिक यांनी दिलेली झुंज हा त्याचा विषय. दिग्दर्शक झॅक स्नायडर; आधार फ्रँक मिलर यांच्या १९९८ सालच्या चित्रकथेचा. सुमारे साडेसहा कोटी डॉलर खर्चून काढलेल्या या चित्रपटाने पंचेचाळीस कोटींहून अधिक डॉलर मिळवले. परंतु अभ्यासवर्गात त्याची चर्चा करायची ती या आकड्यांसाठी नव्हे. चित्रपट निघाल्यास जवळजवळ दोन दशके झाली, तरी त्यातील उघड्या छातीचे, लाल अंगरख्याचे योद्धे तरुणांच्या मनातून गेलेले नाहीत. पराक्रम म्हणजे काय, स्वातंत्र्य म्हणजे काय आणि शत्रू कसा दिसतो, या तीन प्रश्नांची उत्तरे तो दोन तासांत देऊन टाकतो. ती उत्तरे तपासून पाहिली पाहिजेत.

प्रथम न्यायाने बोलावे. कारागिरी म्हणून हा चित्रपट सामान्य नाही. जवळजवळ सगळे चित्रण माँट्रियालच्या स्टुडिओत निळ्या पडद्यासमोर झाले. आकाश, समुद्र, कडे मागाहून संगणकावर रंगवले गेले. प्रत्येक चौकट चित्रकथेच्या पानासारखी दिसावी, हा हेतू पूर्णपणे साधला आहे. भाला सुटतो तेव्हा काळ थबकतो, रक्ताचे थेंब हवेत तरंगतात आणि मृत्यूला एक प्रकारचे लावण्य येते. ज्याने आयुष्यात कधी मारामारी पाहिलेली नाही, त्याला तर हे दृश्य विशेषच मोहक वाटते. खिंडीच्या लढाईचे आकर्षण आपल्यालाही काही नवे नाही. मराठीत ‘खिंड लढवणे’ हा वाक्प्रचारच आहे, आणि १६६० च्या घोडखिंडीच्या लढाईला थर्मोपिलीची उपमा देण्याचा प्रघातही जुना आहे. थोड्यांनी पुष्कळांना अडवावे आणि इतरांना वेळ मिळवून द्यावा, यात खरेखुरे मोठेपण आहे. त्या मोठेपणाविषयी येथे वाद नाही.

वाद आहे तो गाळलेल्या माणसांविषयी.

चित्रपटात एक प्रसंग आहे. वाटेत आर्केडियाचे सैनिक लिओनिडासला येऊन मिळतात. स्पार्टाने इतकेच लोक आणले, म्हणून ते आश्चर्य व्यक्त करतात. तेव्हा राजा त्यांतील एकेकाला त्याचा धंदा विचारतो. एक कुंभार, एक शिल्पकार, एक लोहार. मग तो आपल्या माणसांकडे वळून तोच प्रश्न करतो आणि ते एकमुखाने रणगर्जना करतात. तात्पर्य, खरे सैनिक आम्हीच आणले. जगभरच्या चित्रपटगृहांत या प्रसंगाला टाळ्या पडल्या. ही कथा मुळात लिओनिडासची नव्हे. प्लुटार्कने ती आगेसिलाउस या राजाविषयी सांगितली आहे आणि तो राजा लिओनिडासनंतर जवळजवळ एका शतकाने झाला. त्याच्या कारकिर्दीत स्पार्टाचे काय झाले, ते पुढे येईलच.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने मात्र टाळी वाजवण्यापूर्वी एक साधा हिशेब मागितला पाहिजे. कुंभाराला मडकी घडवावी लागतात, लोहाराला भाता फुंकावा लागतो, म्हणून ते अर्धवेळ सैनिक. मग या पूर्णवेळ सैनिकांच्या ताटातले सातू आणि पेल्यातली द्राक्षमदिरा कोठून येते? त्यांची ढाल कोणी घडवली? सातव्या वर्षापासून साठाव्या वर्षापर्यंत जो समाज आपल्या नागरिकांना लष्करी शिस्तीत ठेवतो, त्याचे पोट कोणाच्या श्रमावर भरते? चित्रपटाच्या सुमारे दोन तासांत या प्रश्नाला एक मिनिटही मिळत नाही. गव्हाची शेते दिसतात. ती पिकवणारे दिसत नाहीत.

इतिहासाने याचे उत्तर लिहून ठेवले आहे. स्पार्टाने आपल्या शेजारचा मेसेनिया हा सुपीक प्रांत लिओनिडासच्या कितीतरी पिढ्या आधी जिंकला आणि तेथील लोकांना त्यांच्याच जमिनीवर दास करून ठेवले. त्यांना हेलॉट म्हणत. उत्पन्नाचा मोठा वाटा, एका जुन्या उल्लेखाप्रमाणे निम्मा, ते धन्याला देत. ते बाजारात विकत घेतलेले गुलाम नव्हते. आपल्याच गावात, आपल्याच भाषेत बोलत, कुटुंबासह गुलामी करणारे ग्रीक होते. हस्तव्यवसाय आणि व्यापार पाहत ते पेरिओइकी, म्हणजे आसपासच्या गावांतील स्वतंत्र परंतु राजकीय हक्क नसलेले लोक. या दोन थरांच्या डोक्यावर नागरिकांचा एक लहानसा थर होता आणि त्याला श्रम करण्यास मनाई होती. स्पार्टाचे प्रसिद्ध शौर्य ही या व्यवस्थेची शोभा नव्हती, गरज होती. खालचा बहुसंख्य समाज कधी उठेल याचा नेम नसल्यामुळे वरच्यांना अष्टौप्रहर शस्त्र हाती ठेवणे भाग होते. जगातील सर्वोत्तम पायदळ प्रथमतः स्वतःच्या शेतमजुरांवर पहारा ठेवण्यासाठी उभे राहिले, असे म्हटले तर त्यात फारशी अतिशयोक्ती नाही.

प्लुटार्क ॲरिस्टॉटलचा हवाला देऊन सांगतो की, स्पार्टाचे इफोर, म्हणजे दरवर्षी निवडले जाणारे पाच अधिकारी, पदावर येताच हेलॉटांविरुद्ध युद्ध पुकारत. हेतू हा की, हेलॉटाला ठार मारल्यास मनुष्यहत्येचे पातक लागू नये. निवडक तरुणांना खंजीर देऊन रानात पाठवत. ते दिवसा लपून बसत आणि रात्री वाटेवर सापडलेल्या हेलॉटांना मारत. चित्रपटाच्या आरंभी बाल लिओनिडासलाही परीक्षेसाठी हिमाच्छादित रानात सोडतात. तेथे तो एका अक्राळविक्राळ लांडग्याला युक्तीने मारतो आणि वीर होऊन परततो. प्लुटार्कच्या वर्णनातील सावज माणूस होते. पटकथेने त्या जागी लांडगा आणून बसवला. हा बदल कोणी जाणूनबुजून केला असेल वा नसेल, परंतु संपूर्ण चित्रपटाची रीत त्यात दिसते.

थ्युसिडिडीसने नोंदवलेली एक घटना याहून भयंकर आहे. पेलोपोनेशियन युद्धाच्या काळात स्पार्टाने जाहीर केले की, ज्या हेलॉटांनी रणांगणावर विशेष कामगिरी केली असेल त्यांनी पुढे यावे, त्यांना मुक्त करण्यात येईल. सुमारे दोन हजार निवडले गेले. त्यांनी डोक्यावर फुलांच्या माळा घालून देवळांना प्रदक्षिणा घातल्या. थोड्याच दिवसांत ते सर्व नाहीसे झाले आणि त्यांतील प्रत्येकाचा अंत कसा झाला हे कोणालाही कळले नाही. ज्यांच्यात स्वातंत्र्य मागण्याची धमक आहे तेच उद्या बंड करतील, हा त्यामागचा हिशेब होता. आणि चित्रपटातील स्पार्टन सैनिकांच्या तोंडी वारंवार येणारा शब्द कोणता, तर स्वातंत्र्य!

चित्रपटाच्या बाजूने एक युक्तिवाद केला जातो आणि तो विचारात घेण्याजोगा आहे. ही कथा डिलिओस नावाचा एक स्पार्टन सैनिक प्लेटियाच्या लढाईपूर्वी आपल्या सैन्याला सांगत असतो; तेव्हा राक्षसी शत्रू, अतिमानवी वीर हे सगळे त्या प्रचारकाच्या दृष्टीचे आहे, दिग्दर्शकाच्या नव्हे. ठीक. परंतु कथन संपते आणि पडदा प्लेटियाच्या मैदानावर येतो, तेव्हाही दिसतात ते केवळ स्पार्टन आणि स्वतंत्र ग्रीक. हिरोडोटसच्या मते त्या मैदानात पाच हजार स्पार्टन नागरिक होते आणि प्रत्येकाबरोबर सात, म्हणजे एकूण पस्तीस हजार हेलॉट होते. कथेच्या बाहेर आल्यावरही कॅमेऱ्याला ते सापडत नाहीत.

खिंडीतही तीनशेच होते असे नव्हे. आरंभी तेथे निरनिराळ्या नगरांचे काही हजार ग्रीक होते. अखेरच्या दिवशी लिओनिडासने बाकीच्यांना परत पाठवले, तेव्हा थेस्पिआ या लहान गावचे सातशे सैनिक स्वेच्छेने मागे राहिले आणि मेले. त्यांच्या मागे ना दासांची फौज होती ना लष्करी शाळा. ते आपली शेती करणारे साधे नागरिक होते आणि त्यांचे गाव इराण्यांनी पुढे जाळले. थर्मोपिलीला लिओनिडासचे स्मारक १९५५ साली झाले, थेस्पिआच्या लोकांचे १९९७ साली. चित्रपटाला तेही वर्ष उपयोगी पडले नाही.

आता शत्रूविषयी. झर्क्सिस येथे आठ फूट उंच, अंगभर साखळ्या ल्यालेला. त्याचे सैनिक विद्रूप, मुखवटे घातलेले, काळे, अर्धे पशू. फितूर एफिआल्टिस हा कुबडा. हिरोडोटसने त्याच्या शरीरव्यंगाचा उल्लेखच केलेला नाही. तो स्पार्टनही नव्हता, स्थानिक रहिवासी होता. परंतु चित्रपटाचे तर्कशास्त्र असे की, जे कुरूप ते दुष्ट आणि ज्या व्यंग असलेल्या मुलाला जन्मतःच कड्यावरून फेकायला हवे होते, तो जगला म्हणूनच राष्ट्र बुडाले. विसाव्या शतकात जर्मनीने या तर्काचे काय केले हे जगाने पाहिले आहे. नाझी पुढाऱ्यांना स्पार्टा प्रिय होती, हा योगायोग नव्हे. स्टालिनग्राडला वेढलेले आपले सैनिक मरणाच्या दारात असताना, ३० जानेवारी १९४३ रोजी गोअरिंगने भाषणात त्यांना थर्मोपिलीचाच दाखला दिला होता.

इराणचे साम्राज्य हे साम्राज्यच होते. त्याने मायलीटस शहर इ. स. पूर्व ४९४ मध्ये उद्ध्वस्त केले, लोकांना देशोधडीला लावले. त्याची आरती ओवाळण्याचे कारण नाही. परंतु ते भुताखेतांचे राज्य नव्हते. पर्सेपोलिसच्या उत्खननात १९३३-३४ साली हजारो मृत्तिकापट्ट्या सापडल्या. त्यांत दरायसच्या काळातील शिध्याचे हिशेब आहेत: कोणत्या कामगाराला किती सातू, किती मद्य, बाळंतिणीला जादा शिधा, तोही मुलगा झाल्यास मुलीच्या दुप्पट! काही ठिकाणी स्त्रिया कामगार-गटांच्या प्रमुख होत्या. हे कामगार कितपत स्वतंत्र होते याविषयी शंका आहे, तथापि त्यांचा हिशेब तरी ठेवला जाई. हेलॉटांच्या शिध्याच्या अशा पट्ट्या स्पार्टाने मागे ठेवलेल्या नाहीत. हिरोडोटस असेही सांगतो की, इराणी सेनापती मार्डोनिअसने इ. स. पूर्व ४९२ मध्ये आयोनियातील ग्रीक नगरांतले हुकूमशहा दूर करून तेथे लोकशासन स्थापले. पूर्वेकडे केवळ जुलूम आणि पश्चिमेकडे केवळ स्वातंत्र्य, अशी फाळणी त्या ग्रीक इतिहासकारालाच मान्य नव्हती.

त्याच झर्क्सिसच्या सैन्यात भारतीय होते. सुती वस्त्रे ल्यालेले, वेताची धनुष्ये आणि लोखंडी टोकाचे वेताचे बाण घेतलेले, असे हिरोडोटसने त्यांचे वर्णन केले आहे. सिंधूकाठचा प्रांत तेव्हा सम्राटाला सोन्याच्या भुकटीच्या रूपाने खंडणी देत असे. पडद्यावरच्या त्या राक्षसांच्या झुंडीत आपले पूर्वजही उभे आहेत, हे टाळ्या वाजवणाऱ्या भारतीय प्रेक्षकाच्या ध्यानात येत नाही.

आणि दूतांची गोष्ट. लिओनिडास इराणी दूताला लाथ मारून विहिरीत ढकलतो, हे चित्रपटातील सर्वांत गाजलेले दृश्य. विहिरीचा प्रकार खरा आहे. परंतु ते दूत झर्क्सिसचे नव्हते, त्याच्या बापाचे, दरायसचे होते, आणि पुढे स्पार्टनांनाच त्या कृत्याचा पश्चात्ताप झाला. प्रायश्चित्त म्हणून त्यांनी स्पेर्थिआस आणि बूलिस या दोन स्वयंसेवकांना, आमचे प्राण घ्या असे सांगण्यासाठी सम्राटाकडे पाठवले. झर्क्सिसने त्यांना मारले नाही. दूताला मारणे हे सर्व मानवजातीच्या कायद्याविरुद्ध आहे, ज्याबद्दल दुसऱ्याला दोष द्यायचा ते आपण करणार नाही, अशी त्याची भूमिका हिरोडोटसने नोंदवली आहे. शौर्य दाखवायचेच होते, तर मरायला निघालेल्या या दोघांवर कोणी चित्रपट काढायला हरकत नव्हती.

२००७ साली इराक युद्ध चालू होते आणि अमेरिका-इराण संबंध ताणलेले होते. इराणच्या सरकारने चित्रपटाचा निषेध केला. परदेशस्थ इराणीही संतापले. चित्रकथा १९९८ सालची आहे, तेव्हा ती त्या युद्धासाठी लिहिली असे म्हणता येणार नाही. प्रश्न हेतूपेक्षा उपयोगाचा आहे. स्पार्टन ढालीवरील लॅम्डा हे अक्षर युरोपातील स्थलांतरितविरोधी तरुण संघटनांनी आपले चिन्ह केले. ग्रीसमधील ‘गोल्डन डॉन’ हा नाझी वळणाचा पक्ष थर्मोपिलीला मेळावे भरवीत असे. २०२० साली न्यायालयाने त्याला गुन्हेगारी संघटना ठरवले. दारात येणारा निर्वासित म्हणजे झर्क्सिसची फौज, हे समीकरण या लोकांना आयतेच मिळाले.

ग्रीस वाचले ते खिंडीत नव्हे, सॅलमिसच्या समुद्रात. लॉरिऑनच्या खाणींत चांदी निघाली, तेव्हा ती नागरिकांत वाटून न टाकता तिच्यातून जहाजे बांधावीत, हे थेमिस्टोक्लिसने अथेन्सच्या सभेला पटवले. ती जहाजे वल्हवणारे बहुतांशी अथेन्समधील भूमिहीन गरीब होते आणि त्या वल्ह्यांच्या जोरावर पुढे त्यांनी राज्यकारभारात आपला वाटा मागितला. (त्या खाणींत गुलामच राबत होते, हेही विसरता कामा नये.) घामाघूम होऊन वल्हे मारणाऱ्या शेकडो माणसांत एक नायक निवडता येत नाही, ही चित्रपटसृष्टीची अडचण समजण्यासारखी आहे.

स्पार्टाचा शेवट कोणत्या खिंडीत झाला नाही. सहभोजनाच्या पंगतीत आपला ठरलेला शिधा जो देऊ शकत नसे, त्याचे नागरिकत्व जाई. जमीन थोड्यांच्या हाती गोळा होत गेली, तसतसे नागरिक घटत गेले. झर्क्सिसच्या स्वारीच्या वेळी हिरोडोटसच्या आकड्याप्रमाणे ते आठ हजार होते. ॲरिस्टॉटलच्या काळापर्यंत एक हजारही उरले नाहीत. इ. स. पूर्व ३७१ मध्ये ल्युक्ट्राच्या मैदानावर सातशे स्पार्टन नागरिक होते, त्यांतील चारशे पडले. त्यानंतर थीब्जच्या एपामिनोन्डासने मेसेनिया मुक्त केला आणि शतकानुशतके दास असलेल्यांनी मेसेनी नावाचे स्वतःचे तटबंदीचे नगर बांधले. स्पार्टाच्या गादीवर तेव्हा आगेसिलाउसच होता, ज्याने कुंभार-लोहारांना उभे करून हसे केले होते तोच.

थर्मोपिलीची लढाई संपल्यावर झर्क्सिसने आपल्या खलाशांना रणभूमी पाहण्यास बोलावले. ते नावांतून आले आणि प्रेतांमधून हिंडले. तेथे पडलेले सगळे स्पार्टाचे आणि थेस्पिआचे वीर आहेत असे त्यांना वाटले. त्यांत हेलॉटही होते, एवढे एक वाक्य हिरोडोटसने लिहून ठेवले आहे.