चिमणराव ते आबा टिपरे
(मंडळाच्या सभेत झालेल्या भाषणाचा मजकूर)



चेन्नईत मराठी माणसाने नाटकावर बोलावयाचे म्हणजे तंजावरच्या शहाजीराजांपासून आरंभ करावा, असा आपल्याकडे रिवाज आहे. परंतु त्या विषयावर आमच्याहून अधिकारी व्यक्ती याच व्यासपीठावरून बोलून गेल्या आहेत. आम्ही आज एका हयात नटाविषयी बोलणार आहोत. श्री. दिलीप प्रभावळकर हे त्यांचे नाव.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि मद्रासचे १५ ऑगस्ट १९७५ रोजी. त्या काळी मुंबईचे चित्र मद्रासेत दिसत नसे. त्यामुळे सत्तरच्या दशकाच्या अखेरीस प्रभावळकरांचा चिमणराव आणि बाळ कर्वे यांचा गुंड्याभाऊ यांनी मुंबई-पुण्याची घरे जिंकली, तेव्हा येथील मंडळींच्या वाट्याला त्याची फक्त पत्रांतून येणारी वर्णने आली. आम्ही त्या वेळी मुंबईत शाळकरी होतो. चाळीत एकाच घरी दूरदर्शन संच होता आणि त्या घरच्या काकू पोरांना पाय धुऊन येण्याच्या अटीवर आत घेत असत. चिमणराव आम्ही धुतलेल्या पायांनी पाहिला आहे!

या चिमणरावाचे जनक चिं. वि. जोशी यांची हयात बडोद्यात गायकवाडांच्या चाकरीत गेली, हे आपणांस ठाऊक असेलच. म्हणजे मराठी मध्यमवर्गाचा हा आद्य भाबडा प्रतिनिधी महाराष्ट्राबाहेर बसलेल्या एका मराठी माणसाच्या लेखणीतून उतरला. आपल्या मंडळाने याचा अभिमान बाळगावयास हरकत नाही. मास्टर विनायकांच्या १९४० च्या ‘लग्न पहावे करून’ या चित्रपटात दामुअण्णा मालवणकर चिमणराव झाले होते. अशी गाजलेली भूमिका नव्या नटाने उचलणे धोक्याचे असते. लोक तुलना करावयास टपलेले असतात. प्रभावळकरांनी वाचकांच्या मनातला चिमणराव असा उभा केला की पुढे पुस्तक उघडले तरी त्यांचाच चेहरा दिसू लागला.

‘चरित्र अभिनेता’ हा शब्द आम्हांस फारसा आवडत नाही. नामावलीत नायक-नायिकांच्या खाली ज्याचे नाव येते तो, एवढाच त्याचा व्यवहारातला अर्थ. प्रभावळकर १९९१ च्या ‘चौकट राजा’त बुद्धीची वाढ खुंटलेला नंदू झाले, १९९३ च्या ‘झपाटलेला’त तात्या विंचू झाले, ‘हसवा फसवी’ नाटकात तर एका रात्रीत सहा माणसे झाले. ‘लगे रहो मुन्नाभाई’तील गांधीजी आणि ‘शेवरी’तील काम यांबद्दल त्यांना २००६ चा सहायक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. २०२५ साली, वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षी, ‘दशावतार’ चित्रपटाचा सारा भार त्यांनी वाहिला. ही जंत्री येथेच पुरे. आम्हांस बोलावयाचे आहे ते आबा टिपऱ्यांविषयी.

‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ ही मालिका २००१ साली अल्फा मराठी वाहिनीवर सुरू झाली. प्रभावळकरांनीच ‘लोकसत्ते’त लिहिलेल्या ‘अनुदिनी’ या सदरावर ती बेतलेली होती. दिग्दर्शन केदार शिंदे यांचे. आबांचे मुलगा-सून राजन भिसे व शुभांगी गोखले, नातवंडे विकास कदम व रेश्मा नाईक. कारस्थाने नाहीत, जरीच्या साड्या नेसून निजणाऱ्या सासवा नाहीत. निवृत्त आजोबा घरातले पाहतात आणि रोजनिशीत टिपून ठेवतात, एवढेच. प्रभावळकर तेव्हा सत्तावन्न वर्षांचे होते. आज आम्ही त्याच वयाच्या आसपास आहोत आणि पाठीला तो पोक इतक्या सहज कसा आणला असेल, याचे आम्हांस नवल वाटते. आमचा येतो आहे तो विनासायास!

त्याच सुमारास आमच्या मातोश्री निवर्तल्या आणि वडील आमच्याकडे, बेझंट नगरच्या सरकारी वसाहतीत, राहावयास आले. तमिळ येत नाही, इंग्रजी तुटपुंजे. आम्ही कचेरीत, मुले शाळेत. दिवसदिवस ते एक शब्दही बोलत नसत. डॉक्टर म्हणाले, प्रकृती ठीक आहे. केबलवाल्याकडे मराठी वाहिनी मागितली, तर त्याने विचारले, “तुमची घरे किती?” तीन घरे निघाली. तिघांनी मिळून महिनाभर त्याचा पाठपुरावा केला तेव्हा टिपरे आमच्या घरी आले.

शेजारी एक निवृत्त तमिळ शिक्षक होते. ते सहज डोकावले आणि बसले. मराठीचा गंध नसताना ते नेमके हसण्याच्या जागी हसत. ते एकदा आम्हांस म्हणाले, “हा तुमचा दिल्ली गणेश आहे.”

तुलना मार्मिक होती. दिल्ली गणेश यांचा जन्म १ ऑगस्ट १९४४ चा, प्रभावळकरांचा ४ ऑगस्ट १९४४ चा. तमिळ चित्रपटांत व मालिकांत त्यांनी बाप, मामा, आचारी, कारकून असे शेकडो लोक उभे केले. आणि नावातली ती दिल्ली? हवाई दलात नोकरी करीत असता ते तेथील दक्षिण भारत नाटक सभेत काम करीत. म्हणजे घरापासून दूर गेलेल्या तमिळ मंडळींच्या हौशी संस्थेत हा नट घडला. के. बालचंदर यांनी ‘पट्टिनप्रवेशम्’मध्ये त्यांना आणले, तेव्हा दिल्ली नावाला जोडून दिली. ९ नोव्हेंबर २०२४ रोजी ते येथेच, चेन्नईत, वारले. आपल्या गणेशोत्सवातील नाटकाच्या तालमींना माणसे येत नाहीत अशी तक्रार कार्यवाह दरवर्षी करतात, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

तर त्या शिक्षकांना समजावे म्हणून आमचे वडील आबांचे बोलणे मोडक्या इंग्रजीत सांगू लागले. पुढे त्यात तमिळ शब्द येऊ लागले. ‘पेरन’ म्हणजे नातू, हा शब्द त्यांनी प्रथम मिळवला. मालिका संपल्यावरही दोघे तासभर बोलत. सून लवकर निजावयास जाते याबद्दल दोघांचीही तक्रार होती, असे आम्हांस मागाहून कळले.

एके दिवशी वडिलांनी कचेरीतून एक डायरी आणावयास सांगितली. कशाला, ते आम्ही विचारले नाही. ते गेल्यानंतर कपाट आवरताना ती हाती लागली. बहुतेक पानांवर दूध, औषधे, पाऊस. एका पानावर दोनच ओळी होत्या : “सर आज आले नाहीत. टिपरे काय म्हणाले ते कुणाला सांगू?”