ट्रॉलीचा ब्रेक आणि जुने वाहन



भोपाळहून नर्मदेकडे निघालेला राष्ट्रीय महामार्ग सुमारे वीस-पंचवीस किलोमीटरवर मंडीदीप या औद्योगिक गावाशी येतो. हे गाव रायसेन जिल्ह्यात आहे. महाराष्ट्रातील शेतकऱ्याला ते कदाचित ठाऊक नसेल, परंतु तेथील कारखान्यात तयार झालेला आयशर ट्रॅक्टर त्याच्या शेजाऱ्याच्या अंगणात उभा असण्याचा संभव पुष्कळ आहे. मंडीदीप सोडून औबेदुल्लागंज मागे टाकले की हाच रस्ता विंध्याचा घाट उतरून बुधनीला पोचतो. तेथे केंद्र शासनाची कृषियंत्र प्रशिक्षण व चाचणी संस्था आहे. ट्रॅक्टर जेथे बनतो ते ठिकाण, त्याची कसोटी लागते तो घाट आणि त्याची परीक्षा होते ती संस्था, असा हा एकाच रस्त्यावरचा योग आहे.

बुधनीच्या संस्थेत ट्रॅक्टरच्या ब्रेकची चाचणी थंड स्थितीत होते, आणि तो वारंवार वापरून तापल्यावर पुन्हा होते. पेडलवर किती जोर द्यावा लागला व ट्रॅक्टर किती अंतरावर थांबला, याची नोंद अहवालात होते. मात्र ही परीक्षा ट्रॅक्टरची आहे. गावच्या लोहारकामाच्या दुकानात पत्रा आणि चॅनेल जोडून तयार झालेली, मागाहून हुकात अडकवलेली ट्रॉली त्या परीक्षेला बसलेलीच नसते. प्रस्तुत विवेचनाचा विषय तीच ट्रॉली आहे.

एक साधा हिशेब पाहावा. ट्रॅक्टरचे वजन २ टन आणि भरलेल्या ट्रॉलीचे ८ टन धरू. ट्रॅक्टरचा ब्रेक सामान्यतः त्याच्या मागील दोन चाकांवर असतो. ट्रॉलीला ब्रेक नसेल तर एकूण १० टनांपैकी ८ टन वजन आपणहून थांबण्याचे काहीही साधन नसताना धावत असते. वीस मीटरला एक मीटर उतरणारा, डोळ्याला किरकोळ वाटणारा उतार लागला, तरी ती ट्रॉली पुढील ट्रॅक्टरला जवळजवळ ४०० किलोच्या जोराने रेटते. वेग ताशी २० वरून ३० किलोमीटरवर गेला तर थांबविताना जिरवावयाची शक्ती दीडपट होत नाही, ती सव्वादोन पट होते. अशा वेळी चालकाने ब्रेक दाबला की ट्रॅक्टर थबकतो, ट्रॉली थबकत नाही. ती हुकाभोवती वळून ट्रॅक्टरला आडवा करते किंवा उलथवते. उतारावर बैलांच्या मानेवर गाडी कशी चढते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना याहून अधिक सांगावयास नको. बैल निदान पाय रोवतो. गुळगुळीत झालेल्या टायरला तेही साधत नाही.

ट्रॉलीत माल असतो तशी माणसेही असतात. ४ एप्रिल २०२५ रोजी नांदेड जिल्ह्यातील आलेगाव शिवारात मजुरांना घेऊन जाणारा ट्रॅक्टर ट्रॉलीसह विहिरीत कोसळला आणि शेतमजूर स्त्रियांपैकी ७ जणी दगावल्या. त्या दुर्घटनेचा संबंध ब्रेकशी जोडण्याचे कारण नाही. परंतु मालासाठी बांधलेल्या या वाहनात कोण बसते आणि का बसते, हे तिने सर्वांसमोर आणले. ट्रॉली माणसे वाहण्यासाठी नाही, ही गोष्ट नियमात आहे, व्यवहारात नाही.

ट्रॉलीला स्वतःचा ब्रेक देण्याच्या रीती मुख्यतः तीन आहेत. पहिलीत ट्रॉली पुढे रेटू लागली की त्या रेट्यानेच दांडी मागे सरकून ब्रेक लागतो. ही रीत स्वस्त आहे, मात्र ट्रॉली मागे घेताना ती अडचण करते. दुसरीत हवेचा किंवा तेलाचा दाब ट्रॅक्टरकडून नळीने मागे नेतात. जड ऊसवाहतुकीस हीच योग्य. तिसरी रीत विजेची. अमेरिकेत पिकअप गाडीमागे ट्रेलर ओढणारे लोक ती सर्रास वापरतात. आपल्याकडे तिचा प्रसार अल्प आहे. तथापि जुन्या जीपमागे किंवा पिकअपमागे पाण्याची टाकी, वेल्डिंगचा संच अथवा जनित्र ओढणाऱ्यांची संख्या वाढत असल्याने तिची माहिती असणे अगत्याचे आहे. ती बसविताना ज्या चुका होतात, त्या ट्रॉलीच्या साध्या दिव्यांच्या जोडणीतही होतातच.

विजेच्या ब्रेकची क्रिया समजण्यास सोपी आहे. चाकाच्या ड्रममध्ये एका तरफेच्या टोकाला विद्युतचुंबक बसविलेला असतो. त्यात प्रवाह सोडला की तो फिरत्या ड्रमच्या लोखंडी पृष्ठाला चिकटतो आणि ड्रमबरोबर ओढला जातो. त्या ओढीने तरफ वळते व ब्रेकचे शू फाकून ड्रमला भिडतात. प्रवाह जितका अधिक तितकी पकड अधिक. शिक्षकांना हे तत्त्व वर्गात खिळा, तांब्याची वेष्टित तार व एक सेल घेऊन दाखविता येईल. यातून एक उपयुक्त निष्कर्षही निघतो. चाक फिरत नसेल तर चुंबक ओढलाच जात नाही. म्हणून उभ्या ट्रेलरला हा ब्रेक धरून ठेवीत नाही. तेथे चाकाखाली दगड किंवा लाकडी ठोकळाच हवा.

प्रवाह किती सोडावयाचा हे ठरविणारा लहानसा डबा म्हणजे कंट्रोलर. तो चालकाच्या हाताशी बसतो. त्याचे दोन प्रकार आहेत. एक, पेडल दाबल्यावर ठरावीक गतीने प्रवाह वाढविणारा. दुसरा, गाडी किती वेगाने मंदावते आहे हे ओळखून त्या प्रमाणात प्रवाह देणारा. दुसरा महाग असला तरी अचानक ब्रेक लावण्याच्या प्रसंगी तोच भरवशाचा. कंट्रोलरला चार तारा असतात. एक बॅटरीच्या धन टोकाकडे, दुसरी ऋण टोकाकडे, तिसरी ब्रेकच्या दिव्याच्या स्विचकडे आणि चौथी मागे ट्रेलरच्या चुंबकांकडे. नव्या गाडीत ही जोडणी बहुधा तयार सॉकेटने होते. जुन्या गाडीत ती हाताने करावी लागते, आणि खरी परीक्षा तेथेच आहे.

धन तार इग्निशनच्या किंवा दिव्यांच्या तारेला मध्येच जोडण्याचा मोह मिस्त्रींना होतो. हा मोह घातक आहे. ती तार थेट बॅटरीपासून, वाटेत सर्किट ब्रेकर घालून आणावयाची. एक किंवा दोन आसांच्या ट्रेलरला २० अँपिअरचा आणि तीन आसांना ३० अँपिअरचा ब्रेकर वापरण्याचा प्रघात आहे. तारेच्या जाडीबद्दल तर काटकसर मुळीच नको. चार चुंबकांना मिळून सुमारे १२ अँपिअर प्रवाह लागतो. एक चौरस मिलिमीटर छेदाची तांब्याची तार १२ मीटर लांब नेली, तर एका वाटेवरच जवळपास अडीच व्होल्ट तारेत खर्ची पडतात. चार चौरस मिलिमीटरची तार घेतली तर हा खर्च साधारण पाऊण व्होल्टाच्या आत राहतो. दुकानात दोन्ही तारा सारख्याच लाल दिसतात. घाटात मात्र त्यांच्यातला भेद कळतो.

दिव्याच्या स्विचची तार जोडताना ती पेडल दाबल्यावरच जिवंत होते ना, हे टेस्ट लॅम्पने पाहावे. कित्येक जुन्या गाड्यांत ब्रेकचा आणि वळणाचा इशारा एकाच दिव्यातून दिला जातो. तेथे तार दिव्यापाशी न जोडता पेडलच्या स्विचपाशीच जोडावी. अन्यथा वळणाचा दिवा लुकलुकताच ट्रेलर ब्रेक मारू लागेल. काही जुन्या वाहनांत हा स्विच ब्रेकच्या तेलाच्या दाबावर चालतो आणि जीर्ण झाला की उशिरा लागतो. ट्रॅक्टरमध्ये आणखी एक गोष्ट संभवते. डाव्या व उजव्या चाकासाठी त्याची पेडले वेगवेगळी असतात व रस्त्यावर ती खिट्टीने एकत्र जोडावयाची असतात. खिट्टी लावलेली नसेल आणि स्विच एकाच पेडलवर असेल, तर दुसऱ्या पेडलवर पाय पडताच ट्रॅक्टर एका बाजूस ओढला जाईल आणि ट्रॉलीला काही खबरच लागणार नाही.

सर्वांत अधिक दुर्लक्ष होते ते अर्थच्या तारेकडे. हूक लोखंडी आहे, तेव्हा प्रवाह त्यातून परत येईलच, असे गृहीत धरले जाते. परंतु हुकावर वंगण असते, गंज असतो, धूळ असते, आणि खड्ड्यात तो क्षणभर सुटाही होतो. दिवे मिणमिणतात ते याचमुळे. ब्रेकही तसाच मिणमिणतो. परतीची स्वतंत्र तार सॉकेटमधून आणून थेट ऋण टोकाला जोडणे हाच उपाय. अतिशय जुन्या काही विलायती गाड्यांत धन टोक अर्थला जोडलेले असते, तर काहींची बॅटरी ६ व्होल्टची असते. १२ व्होल्टच्या नेहमीच्या कंट्रोलरला हे दोन्ही चालत नाही. म्हणून हत्यार हाती घेण्यापूर्वी बॅटरी तपासावी.

जोडणी झाल्यावर कोरड्या, सपाट, मोकळ्या रस्त्यावर कमी वेगात प्रवाहाचे प्रमाण ठरवावयाचे. ट्रेलरची चाके घसटू लागेपर्यंत ते वाढवावे आणि तेथून थोडे खाली आणावे. भरलेल्या ट्रेलरसाठी ठरविलेले प्रमाण रिकाम्याला चालत नाही, हे चालकाला समजावून सांगणे ही मालकाची जबाबदारी आहे. चिखलात राबणाऱ्या ट्रॉलीत ड्रम उघडून साफ करण्याचे कष्ट होणार नसतील, तर विजेच्या ब्रेकच्या वाटेस न गेलेले बरे.

कायद्याची बाजू थोडक्यात अशी. १ जुलै १९८९ पासून अंमलात आलेल्या मोटार वाहन अधिनियम, १९८८ अन्वये ट्रेलरलाही नोंदणीचे बंधन आहे, आणि कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ विनिर्देशांत भेद पडेल असा बदल वाहनात परस्पर करता येत नाही. त्यामुळे जोडणीपूर्वी प्रादेशिक परिवहन कार्यालयाकडे विचारणा करावी. कार्यालयातील अधिकाऱ्यांनीही असा शेतकरी आला असता त्याला केवळ कलम न दाखविता कोणती जोडणी मान्य होईल तेही सांगावे. स्वतःहून ब्रेक बसवू इच्छिणारा माणूस रोज येत नाही.

शेवटी हूक तुटण्याचा प्रसंग. त्यासाठी ट्रेलरवर एक लहान बॅटरी व खिळीचा स्विच असतो. खिळीची दोरी ओढणाऱ्या वाहनाच्या सांगाड्याला बांधलेली असते, हुकाला नव्हे. ट्रेलर सुटला की खिळी निघते आणि ब्रेक आपोआप लागतो. ही बॅटरी बहुधा विस्मरणात जाते. हंगाम सुरू होण्यापूर्वी जॅकवर एक चाक उचलून खिळी ओढावी आणि चाक हाताने पुढे फिरवून पाहावे. ते अडकले पाहिजे. मोकळे फिरले, तर बॅटरी व तारा तपासून होईपर्यंत ट्रेलर जोडू नये.